टपावरचा दिवा पाणी का पितो?

पहिला दमदार पाऊस झाला की दोन-चार दिवसांत माझ्या दुकानासमोर एखादी ॲम्ब्युलन्स उभी राहतेच. तक्रार ठरलेली, टपावरच्या लाईट बारमध्ये, म्हणजे इशाऱ्याच्या दिव्यांच्या आडव्या पट्टीत, पाणी. कधी काच आतून धुक्याने भरलेली असते, कधी थेंबांच्या माळा लागलेल्या असतात. आणि कधी तर निळ्या काचेत बोटभर पाणी असतं, ब्रेक मारला की इकडून तिकडे हेलकावे खाणारं. गेल्या वर्षी साक्रीकडून आलेल्या एका ड्रायव्हरदादांनी टपाकडे बोट दाखवून विचारलं, "दिवामा पानी कसं गयं भाऊ? पाऊस तं दोनच दिन पडना."

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या खान्देशात पाऊस पडून पडून किती पडतो? कोकणाच्या चौथाईसुद्धा नाही. त्यात हा दिवा नवा, खोक्यावर 'वॉटरप्रूफ' छापलेलं, काच कुठे फुटलेली नाही, स्क्रू सगळे घट्ट. तरी आत वाटीभर पाणी. धुळ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करता करता मला हे कळायला बरीच वर्षं लागली, की अशा वेळी पावसाला बोल लावून उपयोग नसतो. खरा करणारा आपला उन्हाळा. पाऊस फक्त निमित्ताला येतो.

कसं, ते सांगतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, हे कुणाला सांगायला नको. ते झालं सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या टपावर, काळ्या बुडाच्या बंद दिव्याच्या आत ते ७०च्या घरात जाऊ शकतं. हवा तापली की फुगते, आणि फुगलेली हवा रबराच्या फटीतून, वायरीच्या भोकातून, जिथून वाट मिळेल तिथून हळूहळू बाहेर पडते. इथवर काही बिघडलेलं नसतं. आता चार वाजता आभाळ भरून येतं आणि वळवाचा पाऊस कोसळतो. गार पाणी टपावर पडल्यावर आतली हवा ७०वरून झपाट्याने २५वर येते. हवा आकसते, दिवा मात्र आकसत नाही.

घरी करून बघायचं असेल तर प्लास्टिकची रिकामी बाटली उन्हात तापवा, झाकण घट्ट लावा आणि माठाशेजारी सावलीत ठेवा. थोड्या वेळाने तिचं पोट आत गेलेलं दिसेल. बाटली मऊ असते म्हणून पोट आत घेते. दिव्याचं कवच कडक, ते आत जात नाही. मग ती ओढ भागवायला तो बाहेरून काहीतरी खेचून घेतो. आणि त्या क्षणी त्याच्या रबराच्या कडेवर, स्क्रूच्या डोक्याशी, वायरीच्या तोंडाशी साचलेलं असतं पाणी.

ही ओढ किती असते, याचा हिशोब शाळेतल्या विज्ञानाने करता येतो. ७० अंशांवरून २५ अंशांवर आल्यावर बंद हवेचा दाब साधारण १३ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे दिवा सव्वा मीटरहून थोडं जास्त खोल पाण्यात बुडवला तर बाहेरून जेवढा जोर लागेल तेवढा. पाऊस नुसता वरून पडत असतो, दिवा मात्र विहिरीत बुडवल्यासारखा वागत असतो. चार फुटी लाईट बारमध्ये दहा लिटर हवा मावते असं धरलं, तर एका दणक्यात सव्वा लिटरहून थोडी जास्त जागा रिकामी होते. ती सगळीच पाण्याने भरत नाही, बरीचशी हवाच परत येते. पण फट पाण्याखाली असेल तर वाटीभर पाणी आत जाणं काही नवलाचं नाही.

म्हणून दिवा उघडायच्या आधी मी एवढंच बघतो, की आत धुकं आहे की पाणी. दोन्हींची जात वेगळी आहे. ३० अंशांच्या हवेत, एका घनमीटरमध्ये, फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांवर मावते १७ ग्रॅम. दिवसा दमट असलेली हवा रात्री गार झाली की वरचे १३ ग्रॅम तिला धरवत नाहीत आणि ते गार काचेवर उतरतात. हेच दव. आमच्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या बागांत पहाटे पानांवरून जे टपटपतं तेच. पण दहा लिटर हवेच्या दिव्यात हा हिशोब जेमतेम दोन-तीन थेंबांचा होतो. तेव्हा सकाळी काच धुरकट दिसली आणि गाडी रस्त्याला लागल्यावर तास-दोन तासांत साफ झाली, तर तो दिवा ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. दुपारीही थेंब तसेच राहिले किंवा तळाशी पाणी साचलं, तर मात्र ते हवेतून आलेलं नाही. ते कुठूनतरी ओढलं गेलंय आणि ती वाट शोधावीच लागते.

धुकं टपावरच्याच दिव्याला जास्त का, तर तो रात्रभर उघड्या आभाळाकडे तोंड करून असतो. स्वच्छ रात्री अशी काच आपली उष्णता आभाळाकडे टाकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो तेव्हा हे हमखास दिसतं. गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली तरी निम्मा त्रास कमी होतो, दुपारचा आणि रात्रीचाही.

जुने ड्रायव्हर म्हणतात, पूर्वीच्या फिरत्या दिव्यात हा त्रास नव्हता. त्यांचं खरं आहे. त्या घुमटात ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असायचा, आरसा भोवती फिरायचा, आणि बल्ब प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त फेकायचा. आत आलेला ओलावा तो स्वतःच वाळवून टाकायचा. एलईडीची उष्णता कमी, आणि जी असते तीही मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत जाते. पुढची काच गारच राहते. वीज वाचली, बॅटरी वाचली, पण दिव्याची शेगडी गेली. (लाल दिव्याची हौस म्हणाल तर सरकारने १ मे २०१७पासून साहेबलोकांच्या टपावरून ती उतरवलीच. आता दिवे आहेत ते कामाच्या गाड्यांवर, म्हणून ते चालू असणं जास्त महत्त्वाचं.)

आता खोक्यावरच्या त्या 'वॉटरप्रूफ'कडे येऊ. त्याच्या बाजूला आयपी ६५, आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे आत धूळ अजिबात जाणार नाही. दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे नळीच्या फवाऱ्याला टिकेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. इथे बरेच जण फसतात. ७ हा ५पेक्षा मोठा आकडा आहे, म्हणून तो दिवा फवाराही सोसेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, दोन्ही पास असेल तर दोन्ही आकडे लिहितात. जोरदार गरम फवाऱ्याची परीक्षा तर आणखी निराळी, तिला आयपी ६९ म्हणतात. त्यात ८० अंशांचं पाणी ८० ते १०० बारच्या दाबाने हातभर अंतराच्याही आतून मारतात.

पण खरी मेख पुढेच आहे. बुडवायच्या परीक्षेच्या नियमातच लिहिलंय, की पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक असू नये. आपल्या टपावर तोच फरक ४५ अंशांचा होतो! परीक्षा खोटी नाही, शिक्काही खोटा नाही. पण खान्देशातली मेअखेरची दुपार त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हती.

यावर तोड म्हणून कुणालाही पहिली सुचते ती सिलिकॉनची, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट लेपाची, नळी. मलाही तीच सुचली होती. सुरुवातीच्या काळात एका संस्थेच्या गाडीचा लाईट बार आला. मी पाणी काढलं, पुसला आणि मग काचेची कड, स्क्रू, वायरीचं तोंड, खालची दोन बारीक भोकंसुद्धा सिलिकॉनने लिंपून टाकली. काम इतकं चकाचक, की मी त्याचा फोटो काढला होता. तीन आठवड्यांनी तोच दिवा परत आला. पाणी पूर्वीपेक्षा जास्त, आणि आत सर्किट बोर्डावरचं तांबं हिरवं पडलेलं.

दोन चुका होत्या. त्या वेळी स्वस्तात मिळालेलं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारत होतं. ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं, आणि बंद दिव्यात ती वाफ कोंडून बोर्डावरचं तांबं कळकवते. दिव्याच्या कामाला 'न्यूट्रल' लिहिलेलं सिलिकॉन लागतं, त्याला तो आंबट वास नसतो. दुसरी चूक जास्त मोठी. ती खालची दोन भोकं बनवणाऱ्याने विसरून ठेवली नव्हती. ते त्या दिव्याचं नाक होतं. मी नाक बुजवलं, मग तो जिथे सगळ्यात कच्चा होता तिथून श्वास घेऊ लागला. तिथे नेमकं पाणी होतं.

चांगल्या लाईट बारला हे नाक नीट बनवलेलं असतं. खालच्या किंवा मागच्या बाजूला बटणाएवढी एक जाळीदार टोपी दिसते, तिला ब्रीदर किंवा व्हेंट म्हणतात. आत पांढरा पातळ पडदा असतो, तव्यावरच्या टेफ्लॉनचाच भाऊ. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी तापवलेली टेफ्लॉनची दांडी हळूहळू न ओढता एकदम हिसका देऊन ओढली, तेव्हा ती तुटायच्याऐवजी कितीतरी पट लांबली आणि तिच्यात असंख्य बारीक छिद्रं पडली. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब अडतो, पण हवा आणि वाफ जाते-येते. केळीच्या घडाला आपले शेतकरी स्कर्टिंग बॅग घालतात ना, तसंच समजा. साध्या प्लास्टिकची पिशवी घातली तर घड आत घामाघूम होतो. स्कर्टिंग बॅगेतून धूळ आणि किडे अडतात, पण घड श्वास घेतो.

या पडद्यामुळे दिव्याचा दाब बाहेरच्या हवेबरोबर सारखा होत राहतो, म्हणून पाऊस पडला तरी रबराच्या फटीवर ओढ येत नाही. सगळा खेळ एवढाच. पण नाक म्हटलं की ते चोंदणं आलंच. गाडीला पॉलिश मारताना त्यावर मेण बसतं, कुणीतरी टपाला रंग मारताना त्यावरही फवारा मारतं, शाम्पूचा फेस त्यावर वाळतो. साबण तर त्याचा खास वैरी. साबणामुळे पाणी 'पातळ' होतं आणि एरवी अडणारं पाणी छिद्रात शिरतं. व्हेंट साध्या पाण्याने हलकं धुवायचं, सुई घालायची नाही. सुई घातली की पडदा फाटला, मग ते नाक नाही, नुसतं भोक.

ज्या दिव्याला पडदा नाही, त्याच्या बुडाला निदान पाणी निघून जायची भोकं असतात. ती दर उन्हाळ्याच्या शेवटी बघाच. आमच्याकडे तिथे कुंभारीण माशी घर करते. ओल्या मातीचा गोळा आणून असा लिंपते की मिस्त्रीला जमणार नाही. बारीक तारेने माती काढली, की निम्म्या गाड्यांचं काम तिथेच संपतं. त्याचे मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

आता रबराबद्दल. दिव्याच्या काचेखाली जी रबरी दोरी किंवा पट्टी असते, ती सतत तापली की दबलेल्या आकारातच बसून राहते, परत फुगत नाही. नखाने दाबून बघा. खाच तशीच राहिली तर रबर मेलं. स्क्रू आणखी आवळून मेलेलं रबर जिवंत होत नाही. उलट पॉलिकार्बोनेटच्या काचेला (आपण काच म्हणतो, पण ते प्लास्टिक असतं) स्क्रूभोवती केसासारख्या चिरा जातात आणि नवी वाट तयार होते. स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. काच पेट्रोल किंवा थिनरने पुसायची नाही, आणि त्या स्क्रूंना नट लॉक करायचं रसायनही लावायचं नाही, दोन्हींनी हे प्लास्टिक तडकतं. रबर बसवण्याआधी खाचेतली धूळ ओल्या कापडाने पूर्ण काढायची. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठाइतकी बारीक असते, पण रबराखाली तिचा एक कण राहिला तरी पाण्याला ती पायवाट पुरते.

आणि वायर. ही जागा मी स्वतः कितीतरी वर्षं सोडून देत होतो. वायर म्हणजे वरचं प्लास्टिक आणि आत तांब्याच्या बारीक तारांची जुडी. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तसं या तारांच्या मधून पाणी चढतं. टपावर किंवा पत्र्याच्या पोकळीत नुसती टेपपट्टी गुंडाळलेला जोड असेल, त्याला पावसाचं पाणी लागत असेल आणि वर दिवा ओढ घेत असेल, तर पाणी वायरीच्या आतून सरळ दिव्यात पोहोचतं. रबर नवं, काच नवी, तरी पाणी येतं आणि मेकॅनिकचं डोकं फिरतं. उपाय तसा साधा आहे. जोड टपावर ठेवू नका, केबिनच्या आत कोरड्या जागी घ्या. आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी, चढवा, तापवल्यावर गोंद पाझरून फट भरतो. आणि दिव्यात शिरायच्या आधी वायरीला खाली थोडं पोट सोडा, म्हणजे वायरीवरून घरंगळणारं पाणी त्या पोटाशी येऊन ठिबकेल, वर चढणार नाही. वायरीच्या भोकातली रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, फाटलं असेल तर दहा-वीस रुपयांचं नवं घाला, त्यात एमसील भरू नका.

धुण्याचंही ऐका. दुपारी दोन वाजता तापलेली गाडी सर्व्हिस सेंटरवर नेऊन टपावर गार पाण्याचा प्रेशर फवारा मारणं म्हणजे वर सांगितलेला वळवाचा पाऊस आपल्या हाताने पाडणं, तोही नेमका फटीवर नेम धरून. टप गार झाल्यावर धुवा, नोझल हातभरापेक्षा लांब ठेवा, काचेच्या सांध्यावर आडवा फवारा नको. रुग्ण उतरवल्यावर गाडी आतून निर्जंतुक करतात, ती द्रव्यंही टपावरच्या काचेवर वाळू देऊ नका.

पाणी आलंच असेल तर दिवा चालू ठेवून 'आपोआप वाळेल' म्हणत बसू नये. धूळ मिसळलेल्या पाण्यातून १२ व्होल्टसुद्धा बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खाऊन टाकतात, आणि मग दिवा एका बाजूने बंद पडतो. ड्रायव्हरला ते कळतही नाही, कारण त्याला स्वतःचा टप दिसत नाही. तोरणमाळच्या वळणांवर समोरच्याला अर्धाच दिवा दिसत असतो. रोज ड्यूटीला निघताना दिवे लावून एखाद्या दुकानाच्या काचेत आपली गाडी बघून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

वाळवायचा माझा रिवाज असा. बॅटरीची वायर काढायची, दिवा उघडायचा, पाणी ओतून पंख्याखाली ठेवायचा. हीट गन नको, काच वाकडी होते. मग व्हेंट काढून त्या जागी नळी लावायची, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं आणि नळीतून तोंडाने हलकी फुंकर घालायची. कॉम्प्रेसर नको, त्याने चांगलं रबरही उखडतं. बुडबुडा जिथे येईल तिथे चोर सापडला. शेवटी साबण धुवून, वाळवून, नवं रबर घालून दिवा बंद करायचा, तो कोरड्या दुपारी. मेमधल्या दुपारी हवा रखरखीत असते, तिच्यात वाफ जुलैपेक्षा बरीच कमी असते. म्हणून पावसाळ्याआधीची ही कामं मेअखेर उरकलेली बरी. सिलिका जेलच्या पुड्या आत टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझा त्यावर विश्वास नाही. श्वास घेणाऱ्या दिव्यात ती पुडी लवकरच पोट भरून बसते, आणि दिवा तापला की प्यायलेलं पाणी परत सोडते.

साक्रीच्या त्या गाडीत गडबड वायरीची निघाली, टपावरचा टेपपट्टीचा जोड. जोड आत घेतला, ग्रोमेट बदललं. दादांनी तरी हट्टाने विचारलं, नवाच दिवा घेऊ का. घ्यायचाच असेल तर दुकानात दोन गोष्टी विचारा, असं मी सांगितलं. व्हेंट कुठे आहे, आणि रबर सुटं मिळतं का. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. तीन दुकानं फिरले होते. दोन ठिकाणी व्हेंट म्हणजे काय हेच विचारलं, तिसऱ्याने दिवा उलटा करून ती टोपी दाखवली आणि म्हणाला, हे काय असतं माहीत नाही, पण पाणी जाऊ नये म्हणून आम्ही यावर सिलिकॉन मारून देतो.